जबलपूर ते नागपूर, पावणेदोन तास

सदाशिव निखारे माझ्यामुळे मेला. विमान पाडले ते इंजिनाने. पण त्याच्या शोधाला निघायची वेळ मी पुढे ढकलली, आणि ती चुकून ढकलली नाही. हवाई दलातल्या गोष्टी मुलांना सांगताना मी ही एक गोष्ट कायम वगळत आलो. आता पन्नाशी जवळ आली आहे. म्हणून लिहून ठेवतो.

धंतोलीत काकांकडे राहून मी मॅट्रिक झालो. युद्ध सुरू झाल्यावर भरती झालो आणि ट्रेनिंगनंतर पोस्टिंग मिळाले ते नागपूरलाच, सोनेगावच्या धावपट्टीवर. रँक कॉर्पोरल. काम वॉच ऑफिसात. वॉच ऑफिस म्हणजे धावपट्टीच्या कडेची दोन खोल्यांची बैठी इमारत. कोणते विमान कुठून निघाले, केव्हा पोचेल, पोचले की नाही, एवढेच तिथे पाहायचे.

भिंतीवर मोठा काळा फळा होता. त्याच्या डाव्या बाजूला शहरांची नावे पांढऱ्या रंगाने कायमची लिहिलेली होती. मुंबई, कलकत्ता, हैदराबाद, अलाहाबाद, जबलपूर. प्रत्येक नावापुढे नागपूरपासूनचे अंतर आणि कोणत्या विमानाला किती वेळ लागतो ते. जबलपूर दीडशे मैल. रेल्वेने जायचे तर गाड्या बदलत अख्खा दिवस जाई. मॉथ नावाचे आमचे लहान विमान होते, दोन माणसांचे. त्याला पावणेदोन तास लागत.

काम करायची पद्धत सोपी होती. विमान जबलपूरहून निघाले की तिथून वायरलेसने वेळ येई. तीत फळ्यावरचे पावणेदोन तास मिळवायचे. मग हवामान खात्याची चिठ्ठी पाहायची. वारा मागून असेल तर वेळ कमी करायचा, समोरून असेल तर वाढवायचा. जी वेळ येईल ती खडूने उजवीकडे लिहायची. त्या वेळेनंतर तीस मिनिटे वाट पाहायची. तोवर विमान आले नाही तर ते 'ओव्हरड्यू' म्हणून जाहीर करायचे. फ्लाइंग कंट्रोल ऑफिसरला फोन, वाटेतल्या पोलीस ठाण्यांना तारा, आणि उजेड असेल तर शोधाला दुसरे विमान.

मॉथमध्ये वायरलेस नव्हता. एकदा उडाले की त्याच्याकडून काही कळायची सोय नाही. फळ्यावर लिहिलेली वेळ हीच त्याची खबर. म्हणून फळ्याजवळ बसणारा माणूस जागा हवा आणि खरा हवा. मी जागा होतो.

सदाशिव निखारे कामठीचा. घरी हातमाग. वडील दौलतजी आणि बायको कौसल्या असे दोघे मागे. तो एल.ए.सी. होता, म्हणजे माझ्या खालच्या रँकचा, काम इंजिन फिटरचे. माझी आणि त्याची खाट एकाच बराकीत, शेजारी. त्याला गप्प बसता येत नसे. ऑफिसरच्या चालण्याची नक्कल करी आणि तोच ऑफिसर समोर आला की असा सॅल्यूट ठोकी की नक्कल कोणती आणि खरे कोणते हे कळू नये. इंजिनाला हात लावला की मात्र तोंड बंद.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक स्क्वाड्रन लीडर रायपूरहून निघाले आणि वेळेत आले नाहीत. तीस मिनिटे झाली. मी नियमाप्रमाणे ओव्हरड्यू जाहीर केले. विमान शोधाला उडाले, तारा गेल्या, अँब्युलन्स धावपट्टीवर उभी राहिली. साहेब वाटेत गोंदियाच्या पट्टीवर उतरले होते, ओळखीच्या माणसाकडे जेवायला. कळवायचे राहिले होते. संध्याकाळी उतरले तेव्हा हसत म्हणाले, "कॉर्पोरल, माझी खोली दुसऱ्याला दिली नाहीस ना?"

आमचे फ्लाइंग कंट्रोल ऑफिसर फ्लाइट लेफ्टनंट हॅरिस. त्यांना वरून बोलणी बसली. ती त्यांनी मला दिली. "तीस मिनिटे हा नियम आहे, वानखेडे. पण डोकेही आहे. वारा नावाची एक गोष्ट असते. पुढच्या वेळी ती धर."

त्या रात्री मेसमध्ये माझ्यासमोर ताट ठेवत सदाशिव मोठ्याने म्हणाला, "काय गा तेरवीवाल्या, आज कोणाची तेरवी करून राहिला?"

सगळी मेस हसली. तो थांबला नाही. "याच्या ड्युटीवर बाहेर जाचं म्हंजे जपून जा लागते, भाऊ. वाटेत चहा प्याले थांबलं का यानं लाकडं आणलीच समजा."

तेव्हापासून माझे नाव तेरवीवाला, जित्या माणसाचा तेरावा घालणारा. टेलिफोनवरचा ढोबळे, स्वयंपाकी, सगळे तेच म्हणत. दोन महिने चालले. एकदा मी चिडून ताट सोडून उठलो. सदाशिव मागून आला. म्हणाला, "रागावू नको गा. फळ्यापाशी तुह्यासारखाच पाहिजे. जो थांबत नाही असा."  त्याचे पहिले बोलणे मी लक्षात ठेवले, हे ठेवले नाही.

जानेवारीत जबलपूरला आमचे एक विमान बिघडून अडकून राहिले होते. ते दुरुस्त करायला सदाशिवला मॉथमधून पाठवले. पायलट ऑफिसर मेहता विमान चालवत होते. काम दोन दिवसांत झाले. तिसऱ्या दिवशी परत यायचे होते.

त्या दिवशी ड्युटी माझी. जबलपूरचा निरोप आला. मॉथ १४३५ला निघाले, म्हणजे दुपारी दोन पस्तीसला. हवामानाची चिठ्ठी समोर होती. वारा उत्तरेचा, ताशी दहा मैल. जबलपूर आमच्या उत्तरेला, म्हणजे वारा त्यांच्या पाठीवर. मी दहा मिनिटे कमी केली आणि फळ्यावर १६१० लिहिले.

चार दहा झाले. चार वीस. आकाश स्वच्छ होते. मी बाहेर जाऊन उत्तरेकडे पाहिले. कामठीच्या बाजूला धुराची रेघ होती, दुसरे काही नाही. चार चाळीसला तीस मिनिटे पूर्ण झाली.

मी फोन उचलला. ढोबळे पलीकडच्या खोलीत स्विचबोर्डवर होता.

"कोण पाहिजे?"

"हॅरिस साहेब."

"क्लबात हायेत. टेनिस खेळून राहिले. काहून, कोण मेलं?"

"निखारेचं विमान आलं नाही."

ढोबळे हसला. "निखारे हाय का त्याच्यात? मग सिवनीले उतरून पोहे हाणत असन. तू घंटी वाजव अन् पाहाय. जल्मभर सोडत नाही तो तुले."

मी फोन खाली ठेवला.

त्या वेळी माझ्या मनात काय होते ते मी अनेकदा तपासले आहे. भीती होती, पण विमानाची नव्हती. सदाशिव दारातून आत येईल, टोपी काढेल, आणि म्हणेल, लाकडं आणली का गा? याची होती. थोडा रागही होता. वाट पाहू दे त्यालाच, असा.

मी फळ्यावरचा १६१० पुसला. वाऱ्याच्या चौकटीतले 'उत्तर, दहा' पुसले आणि 'दक्षिण, वीस' लिहिले. समोरून वीस मैलांचा वारा धरला की जबलपूर ते नागपूर सव्वादोन तास होतात. १६५० लिहिले. ओव्हरड्यू १७२०. हिशेब बरोबर होता. फक्त तो वारा कुठेच वाहत नव्हता.

ढोबळे चहा घेऊन आला. फळ्याकडे पाहून म्हणाला, "वारा फिरला का गा?"

"वरच्या थरात फिरला असन."

त्याने मान हलवली. त्याला त्यातले कळत नव्हते आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता.

पाच वीस झाले. मी पाच मिनिटे थांबलो. मग आणखी पाच. पाच चाळीसला ढोबळे स्वतः दारात येऊन उभा राहिला. आता तो हसत नव्हता. "सांग गा साहेबाले," एवढेच बोलला.

हॅरिस सहा वाजता आले, टेनिसच्या कपड्यांत. घड्याळ पाहिले, फळा पाहिला.

"सूर्यास्त?"

"१८४५, सर." युद्धामुळे घड्याळे एक तास पुढे होती, म्हणून इतका उशिरा.

"विमान तयार करून उडवायला अर्धा तास. तिथे पोचेपर्यंत अंधार. जंगलावर काय दिसणार?" ते खिडकीपाशी गेले. "पहाटे. ठाण्यांना तारा कर."

तारा केल्या. सिवनी, देवलापार, रामटेक. पोलीस रात्रभर मोटार घेऊन सडकेने फिरले. मी खुर्चीतून उठलो नाही.

उजाडताच शोधाचे विमान निघाले. त्यात रेडिओ होता. अर्ध्या तासाच्या आत आवाज आला.

"विमान दिसले. कुरईच्या घाटाच्या पश्चिमेला. सिवनी-नागपूर सडकेपासून दीड मैल आत. एक माणूस हात हलवतो आहे."

हॅरिस यांनी विचारले, "एक?"

"एक. पुन्हा सांगतो, एक."

हात हलवणारे मेहता होते.

इंजिन घाटाच्या अलीकडेच बंद पडले होते. मेहतांनी सागाच्या झाडांवर विमान टेकवले. मॉथमध्ये पुढे प्रवासी बसतो, मागे पायलट. पुढचा भाग चेपला. मेहतांचे दोन्ही पाय मोडले. सदाशिवच्या मांडीत लोखंड घुसले. त्याने स्वतःचा पट्टा काढून मांडी आवळली, पण रक्त पूर्ण थांबले नाही. उजाडायच्या थोडे आधी तो गेला. डॉक्टरांचे मत सरळ होते. जखम मरणाची नव्हती, उशीर मरणाचा होता. संध्याकाळी विमानाने जागा दाखवली असती तर पोलिसांची मोटार रात्री नऊपर्यंत त्याच्याजवळ पोचली असती.

चार चाळीसला मी फोन पूर्ण केला असता, तर शोधाच्या विमानाला कुरईवर तासभर उजेड मिळाला असता.

आठ दिवसांनी कामठीच्या लष्करी इस्पितळात मेहतांना भेटलो. ते गुजराती. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. वॉच ऑफिसातून आलो एवढेच सांगितले.

"तो शेवटपर्यंत शुद्धीवर होता," ते म्हणाले. "संध्याकाळी सारखा आकाशाकडे पाही. म्हणे, घाबरू नका साहेब, आज आमचा तेरवीवाला बसला आहे तिथे. तीस मिनिटांच्या वर तो एक मिनिट थांबत नाही. विमान येईलच. अंधार पडला तेव्हा म्हणाला, मग तो आज ड्युटीवर नसेल." मेहतांनी पुढचे सांगितले. "रात्री सडकेवर मोटारीचे दिवे दिसले. आम्ही ओरडलो. त्यांना ऐकू गेले नाही." मग त्यांनी विचारले, "तेरवीवाला म्हणजे काय हो?"

मी सांगितले, एकाचे आडनाव आहे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. सगळा भर इंजिनावर होता. मला एकच प्रश्न विचारला. ओव्हरड्यू जाहीर करायला वेळ का लागला? मी म्हणालो, समोरचा वारा धरला होता. हॅरिस साहेब मध्ये बोलले. "मीच त्याला तसे सांगितले होते. त्याने बरोबर केले." हवामानाची चिठ्ठी कोणी मागितली नाही. मला खाली बसायला सांगितले. हॅरिस यांना मी त्या दिवशीही खरे सांगितले नाही, नंतरही नाही. पुढे त्यांची बदली झाली.

सदाशिवच्या घरी निरोप गेला तो असा, की विमान पडताच तो जागीच गेला. घरच्यांना बहुधा असेच सांगत. त्यात वाईट हेतू नसे.

युद्ध संपले. मी सुटलो. सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत कारकुनी मिळाली, धरमपेठेत खोली घेतली. कामठी दहा मैलांवर. इस्पितळातल्या त्या भेटीनंतर तीन वर्षांत मी तिकडे गेलो नाही. कामठीचे काम निघाले की दुसऱ्याला पाठवी.

स्वातंत्र्य येऊन झेंडा बदलायला अजून काही महिने होते तेव्हाची गोष्ट. जानेवारीतच ढोबळे मला रस्त्यात भेटला. सायकल थांबवून म्हणाला, "उद्या कामठीले जाऊन राहिलो. निखारेच्या घरी. दरसाल पौषातल्या वद्य अष्टमीले त्याच्या नावाचं पान ठेवतात. येतं का?"

"अष्टमीला?"

"हाव. त्या दिवशी दुपारी गेला ना तो."

तो अष्टमीला गेला नव्हता. अष्टमीची रात्र त्याने काढली होती. पहाटे गेला तेव्हा नवमी लागली होती. हे माहीत असलेल्यांत जवळपास मी एकटाच उरलो होतो; मेहता गुजरातेत होते, बाकीचे बदलून गेले होते. बाप तीन वर्षे मुलाचे पान चुकीच्या तिथीला वाढत होता. ते थांबवायचे तर जागीच गेला हा त्यांचा एवढा एकच आधार काढून घ्यावा लागणार होता. बोलणे त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला तेव्हा ठरवता आले नाही. आजही येत नाही. मी ढोबळेला येतो म्हणालो.

घर लहान होते. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग, मागे चूल. दौलतजी मागावर बसले नव्हते, दारात वाट पाहत होते. कौसल्या चुलीजवळ वडे तळत होती. पाटाजवळ केळीचे पान धुऊन ठेवले होते.

ढोबळेने ओळख करून दिली. "हा वानखेडे. सदाशिवच्या बाजूच्या खाटेवर राहे."

दौलतजी खूष झाले. "तेरवीवाला का?" ते म्हणाले. "तुह्या लय गोष्टी सांगे आमाले. बस, बाबू."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले. क्रम सोडला नाही. चार दहा, चार चाळीस, उचललेला फोन, पुसलेला वारा, लिहिलेला वारा. कुरई. पट्टा. माझ्या भरवशावर त्याने पाहिलेली वाट. पहाट. कढईतला आवाज मध्येच बंद झाला. कौसल्याने कढई खाली उतरवली होती.

ढोबळे प्रथम बोलला. "म्हंजे म्या विचारलं तवा तू मले खोटं सांगतलं?"

"हो."

तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

दौलतजींनी विचारले, "पहाटे म्हंजे किती वाजता?"

"उजाडायच्या आधी. तिथे घड्याळ कोणी पाहिलं नाही, बाबाजी."

"मग नवमी." त्यांनी पानाकडे पाहिले. "तीन वर्सं आमी अष्टमीले बोलावून राहिलो त्याले."

कौसल्या आतल्या दारात आली होती. तिने माझ्याकडे न पाहता विचारले, "पाणी मांगतलं का त्यायनं?"

"मागितलं, वहिनी. मेहता साहेबांजवळ बाटली होती. त्यांनी पाजलं."

"हे खरं हाय का तुमच्या वाऱ्यासारखंच हाय?"

"खरं आहे."

"कसं मानू मी?"

 तिला पटावे असे माझ्याजवळ काही नव्हते.

दौलतजी म्हणाले, "नागपूरहून इथं याले तुले किती टाइम लागते?"

"सायकलनं एक तास."

"एक तास," ते म्हणाले.  मी त्यांच्या पायांकडे वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मले नको सांगू. माह्यापाशी माफी नाही. असती तरी ती द्याचा मले हक नाही. आज पान ठेवत नाही आमी. उद्या नवमी. उद्या ये. पान वाढलं का त्याले सांग. तो काय म्हणन ते तो जाणे."

कौसल्या म्हणाली, "मामाजी, हा माणूस उद्या घरात नको."

"येऊ दे वं. सदाशिव त्याची वाट पाहत होता."

मी परत निघालो. ढोबळे माझ्याबरोबर आला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत रजा न टाकता गेलो. ढोबळे माझ्या आधी येऊन बसला होता. मला पाहून तो थोडा सरकला. कौसल्याने पुन्हा सगळा स्वयंपाक केला होता. वडे, वरणभात, वांग्याची भाजी, तांदळाची खीर. दौलतजींनी केळीचे पान मांडले, भोवती पाणी फिरवले आणि बाजूला झाले. कौसल्या दारातच उभी राहिली, आत गेली नाही.

सैन्यात मी पुष्कळ वेळा सावधानमध्ये उभा राहिलो. तसाच उभा राहायला गेलो, पण जमले नाही. मी पानासमोर जमिनीवर बसलो. बराकीत आम्ही ज्या भाषेत बोलत होतो, त्याच भाषेत बोललो.

"सदाशिव, त्या दिवशी ड्युटीवर मीच होतो गा. तीस मिनिटं झाली तवा मले माहीत होतं. तू हासशील म्हणून म्या फोन ठेवला. मले माफ कर."